लोकरीचा नमदा : हस्तव्यवसायाचा एक पाठ

नमदा म्हणजे न विणता केलेले लोकरी कापड. घोंगडीस उभे-आडवे धागे असतात, नमद्यास नसतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी व साबण यांनी ते उघडतात आणि चोळण्याने तंतू एकमेकांत असे गुंततात की पुन्हा सुटत नाहीत. कापसास खवले नसल्याने त्याचा नमदा होत नाही. दोन्ही जिनसा वर्गात शेजारी शेजारी चोळून हा भेद दाखवावा.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती भरड असल्याने आज पुष्कळदा गिऱ्हाईक न मिळून फेकली जाते. धनगराच्या मुलाकडून मूठभर मागवावी आणि निवडण्या-पिंजण्याचे काम त्यालाच इतरांस शिकवू द्यावे. घरची विद्या वर्गात मानाने पुढे येण्याचा प्रसंग त्याच्या वाट्यास क्वचितच येतो.

धुऊन वाळवलेल्या लोकरीचा पातळ थर गोणपाटावर आडवा, त्यावर दुसरा उभा, असे चार थर द्यावेत. वर विरळ फडके घालून ऊन साबणपाणी शिंपडावे. पाणी शिक्षकाने स्वतः हाताळावे. मग तळहाताने हलके चोळावे. येथे घाई करणारा हमखास फसतो, कारण आरंभीच जोर दिल्यास थर सरकून भोके पडतात. चिमटीत तंतू येईनासे झाले की गोणपाटासह गुंडाळी करून ती लाटावी. भरड लोकरीस वेळ अधिक लागतो. तुकडा बराच आटतो, म्हणून थर मोठे घ्यावेत.

नमद्याची कड उसवत नाही, तेव्हा शिवणाचीही गरज नाही. पहिला तुकडा फळा पुसण्यास ठेवावा.