दुकानाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?



आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा चकलीची भाजणी आणि मसाल्यांचा घरगुती व्यवसाय. सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर. ऐन दिवाळीच्या तोंडावर एका नेहमीच्या ग्राहकाच्या नंबरवरून मेसेज आला, "ताई, चुकून माझा कोड तुमच्याकडे आलाय, तेवढे सहा आकडे पाठवा ना." ताईंनी पाठवले. दोन मिनिटांत त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप बंद, आणि ग्राहकांना त्यांच्याच नावाने पैसे मागणारे मेसेज सुरू!

त्या ग्राहकाचं खातंही आधी असंच गेलेलं होतं. चोराने स्वतःच्या फोनवर ताईंचा नंबर टाकला, त्यामुळे कोड ताईंच्या सिमवर आला. म्हणजे तो कोड ताईंच्याच खात्याची किल्ली होती. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असतं, तर कोड मिळूनही पुढे पिन विचारला गेला असता आणि चोर तिथेच अडकला असता.

मग आत्ताच करा. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, टर्न ऑन. सहा आकडी पिन ठेवा. (सहा आकडे म्हटलं की बरेच जण गावाचा पिनकोड टाकतात. नका टाकू!) ईमेलही द्या, पिन विसरलात तर तोच कामाला येतो. व्हॉट्सअ‍ॅप अधूनमधून पिन विचारतं, तेव्हा वैतागू नका. तुमच्या लक्षात राहावा म्हणूनच ते विचारतं.

आता गुगल खातं. इथे मला जास्त काळजी वाटते. बिझनेस प्रोफाइल, यूट्यूब, ड्राइव्हमधली बिलं, सगळं एकाच खात्यावर. आणि ते खातं उघडलेलं असतं भाच्याने नाहीतर डिझायनरने, रिकव्हरी नंबरही त्याचाच! अशा खात्यावर टू-स्टेप चालू केलं आणि कोड त्याच्या फोनवर जायला लागला, तर आपल्याच दुकानाबाहेर आपण उभे. भाचा वाईट नसतो हो, पण तो नंबर बदलतो, नोकरीला दुसऱ्या शहरात जातो. म्हणून आधी रिकव्हरी नंबर आणि ईमेल स्वतःचा करा, मगच टू-स्टेप चालू करा.

एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं. कोणी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं तर एसएमएस त्याच्याकडे जातो, अ‍ॅपमधला कोड जात नाही. पण फोनच हरवला तर? त्यासाठी गुगल 10 बॅकअप कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून दुकानाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. त्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवण्यात काही अर्थ नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप गेलंच तर? आपल्या फोनवर आपला नंबर पुन्हा टाका, एसएमएसने आलेला कोड भरा. चोर लगेच बाहेर पडतो. कोणाचे पैसे गेले असतील तर ज्याचे गेले त्याने ताबडतोब 1930 वर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

ताईंनीही चोराला असंच बाहेर काढलं, पण तोवर त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला होता. अशा वेळी पिनशिवाय आत यायला सात दिवस थांबावं लागतं. त्या वर्षीच्या भाजणीच्या ऑर्डरी ताईंनी एकेका ग्राहकाला फोन लावून वहीत उतरवून घेतल्या.