बुधवारची कॅसेट

पुणे, रविवार

चि. बाळ यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्या ओसरीवर कॅसेटींची दोन पोती भरून ठेवलीत, भंगारवाल्याची वाट बघताहेत. भिंगारचं भंगार हा विनोद आपल्या घरात जुना, पण मला हसू आलं नाही. अण्णाचं वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचंस.

काकू एकाचे चार करून सांगतात, ठाऊक आहे. तरी विचारते, पोत्यात टाकण्याआधी एकेक ऐकलीस का? की नुसती नावं वाचलीस? फोटो बघून सून नाकारण्यातला प्रकार झाला हा.

सगळं ठेव असं मी म्हणत नाही. गीतरामायणाच्या विकतच्या कॅसेटी खुशाल कुणाला देऊन टाक. १९५५-५६ साली लोक ज्यासाठी रेडिओभोवती जमायचे ती ५६ गाणी आता तुझ्या खिशातल्या फोनात आहेत. नाट्यगीतांच्या तीन-तीन प्रती निघतील, एकेक ठेव. पण हाताने नाव लिहिलेली एकही न ऐकता काढू नकोस. त्यातही पिवळ्या लेबलची, 'बिनाका, बुधवार' असं निळ्या शाईत लिहिलेली. ते अक्षर माझं आहे.

अण्णाने तुला हे सांगितलं नसणार. १९७९ साल. पहिल्या पगारातून त्याने टू-इन-वन आणला आणि शुक्लेश्वराच्या देवळात आबांचं एकादशीचं भजन टेप केलं. कुणी पुसू नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवले. बुधवारी मला कोरी कॅसेट सापडेना. आठ वाजत आले होते, सिलोनच्या खरखरीतून अमीन सयानी आता बोलणारच. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं.

कार्यक्रम तासाचा, कॅसेट साठ मिनिटांची. शेवटचं गाणं निम्म्यावर असताना आबा दारात आले, मी घाईने बंद केलं. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या टोकाला दोन-तीन मिनिटं आबा उरले असणार. अण्णा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आबा म्हणाले, "भजन काय, पुढच्या एकादशीला परत म्हणू." चैत्रात ते गेले. मधे कितीतरी एकादश्या झाल्या, पण देवळात टेप न्यायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

ते टोक मी कधी ऐकलं नाही. धीर झाला नाही.

पिवळी सापडली तर लगेच लावू नकोस. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते का बघ. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पूस, पेन्सिल घालून फीत हळूहळू पुढेमागे फिरव. फितीमागची छोटी गादी गळाली असेल तर आवाज दबका येतो. मग स्क्रू काढून फीत दुसऱ्या डबीत घालावी लागेल. ते मी आल्यावर करू.

रागावले, मनावर घेऊ नकोस. पाळण्याला जागा हवी, धूळ लेकराला बाधते, सगळं कळतं. आणि अण्णाच्या खोलीत एकट्याने बसून ऐकणं सोपं नाही, हेही कळतं. म्हणून नावं वाचूनच मोकळा होत असशील. मी तरी चाळीस वर्षं दुसरं काय केलं?

शनिवारी सकाळच्या एसटीने निघते. माळीवाड्याला उतरून रिक्षा करीन, घ्यायला येऊ नकोस. तोवर पोती तेवढी आत घे. रात्री दव पडतं.

तुझी,
आत्या