पिवळा धोत्रा ओळखा, मोहरी निवडून घ्या

चैत्र-वैशाखात पडीक जमिनीवर, रस्त्याकडेला व शेताच्या बांधावर पिवळा धोत्रा फुललेला दिसतो. उत्तरेत यास सत्यानाशी म्हणतात. नेहमीच्या धोत्र्याशी याचे नाते केवळ नावापुरते. पाने काटेरी, शिरा पांढरट. पक्की खूण म्हणजे देठ मोडताच येणारा पिवळा चीक. तो डोळ्यांस लागू देऊ नये.

खरा धोका बियांत आहे. काटेरी बोंडांतील काळसर बी मोहरीसारखे दिसते व तिच्यात सहज मिसळते. मोहरीचा दाणा गुळगुळीत, याचा खडबडीत. अशा भेसळीचे तेल पोटात गेल्यास पायांवर सूज, जुलाब व धाप लागते. हृदयावर परिणाम होतो, काचबिंदूही संभवतो. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळयुक्त मोहरीच्या तेलाने अनेकांचे प्राण घेतले.

सुटे तेल घेऊ नये. घाण्यावर स्वतःची मोहरी नेणाऱ्यांनीही ती आधी पाखडून, निवडून घ्यावी. घरची म्हणून ती शुद्धच असते असे नाही. घरातील अनेकांच्या पायांस एकाच सुमारास सूज आल्यास ते तेल तत्काळ बंद करावे. मात्र ते फेकू नये. आरोग्य केंद्रात जाताना थोडे बाटलीत सोबत न्यावे.