नाटकाला विचारायचे तीन प्रश्न

गणवेशात सगळे सारखे दिसतात. म्हणून जात, गरिबी, मुलगा-मुलगी या विषयांवर आपण वसतिगृहात सहसा बोलत नाही. मित्राला विचारले तर तो दुखावेल. नाटकातल्या पात्राला मात्र खुशाल विचारता येते.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) घ्या. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. वहीत तीन प्रश्न लिहा : निर्णय कोण घेतो? फायदा कोणाचा? कोणाला विचारलेच नाही? तिसऱ्याचे उत्तर शारदा.

हेच प्रश्न गिरीश कार्नाड यांच्या ‘तलेदंड’ (१९९०) या कन्नड नाटकाला लावा. बाराव्या शतकातल्या कल्याण नगरीत ब्राह्मणाघरची मुलगी आणि चर्मकाराघरचा मुलगा यांचे लग्न होते आणि नगरी रक्ताने माखते. त्यांच्या लग्नाचा निर्णय नगरीने का घ्यावा?

वर्गात भूमिका बदलून वाचा. खणखणीत आवाजाच्या कॅडेटला शारदा द्या, अबोल मुलाला कांचनभट. लाजू नका, देवलांच्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करत.

उद्या आपल्यापैकी काही जण तुकडी सांभाळतील. तेव्हा तिसरा प्रश्न आपणहून सुचावा, म्हणून ही सवय आताच लावू या.