जमिनीखालून वीज: पैसा नेमका कुठे जातो?

गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधताय आणि वीज जमिनीखालून न्यायची आहे, तर आधी हिशेब खांबाचा करा, केबलचा नंतर. महावितरणचा लघुदाब खांब प्लॉटच्या कडेला असला तर खर्च आवाक्यात राहतो. नवे खांब किंवा रोहित्र लागणार असेल तर अंदाजपत्रक तिथेच फुगतं. हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून स्वतः करून घ्यायची मंजुरी मिळाली, तर महावितरणला ठरलेल्या आकाराच्या 1.3 टक्के देखरेख शुल्क भरायचं. साहित्य आणि मजुरी तुमच्याकडे. म्हणून प्लॉटचा इसार देण्याआधीच शाखा कार्यालयात चौकशी करा.

मीटर शक्यतो फाटकापाशी, पावसापासून सुरक्षित पेटीत घ्या. तिथून पुढची केबल तुमची, तिची जबाबदारीही तुमचीच.

समजा, फाटकापासून घर 100 मीटरवर आहे, जोडणी सिंगल फेज आणि भार 5 किलोवॅट. म्हणजे साधारण 22 अँपियर. ॲल्युमिनियमची 10 चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर पूर्ण भाराला 13-14 व्होल्ट वाटेतच जातात. 16 ची टाकली तर आठेक, 25 ची टाकली तर पाचेक. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. त्यात आणखी चौदा गेले की पंप नुसता गुंगुं करत बसतो. जाड केबलचे जास्तीचे पैसे एकदाच जातात, पण बारीक केबल बदलायची तर अख्खा चर पुन्हा उकरावा लागतो. काटकसर करायची तर फरशीत करा, इथे नको. केबल आर्मर्डच हवी आणि सलग एका तुकड्यात. जमिनीत जोड नको.

चराचा खर्च जमीन ठरवते. मुरमात जेसीबी भराभर चर काढतो. रत्नागिरीकडच्या जांभ्यात मात्र बकेट रुतत नाही, ब्रेकर लावावा लागतो आणि तासांचं बिल वाढत जातं. दर ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी पहारीने चाचपून बघा. केबलवर किमान पाऊण मीटर माती यायला हवी. खाली आणि वर 8-8 सेंटिमीटर रेती धरली, तर फूटभर रुंदीच्या 100 मीटर चराला पावणेदोन-दोन ब्रास रेती लागते. रेतीवर आडव्या विटा, मीटरला साधारण नऊ, म्हणजे नऊशेच्या वर. त्यांच्यावर धोक्याची पट्टी. गाडी जाते तिथे केबल पाइपातून न्या. एक रिकामा पाइपही आत्ताच टाकून ठेवा, पुढे इंटरनेटला उपयोगी पडेल.

चर बुजवण्याआधी वायरमनकडून मेगर लावून केबलचं इन्सुलेशन तपासून घ्या आणि टेप धरून फोटो काढा: भिंतीपासून किती अंतर, किती खोल. उद्या बोअर मारताना, आंब्याचा खड्डा खणताना हेच फोटो हाताशी लागतील.

कोटेशनमध्ये खोदाई, रेती, विटा, केबल, टोकांची जोडणी आणि अर्थिंग वेगवेगळं लिहून मागा. ‘सगळं मिळून’ असा आकडा दिला की नेमकी रेती गळते. केबलवर 18 टक्के जीएसटी धरलाय का, तेही विचारा. महावितरणकडे भरायची अनामत आणि जोडणी शुल्क वेगळं. त्याची पावती तुमच्याच नावाने हवी.

लाइन वाढवावी लागत नसेल आणि अर्ज पूर्ण असेल, तर ग्रामीण भागात 15 दिवसांत जोडणी मिळायला हवी, असं 2024 मध्ये सुधारलेले ग्राहक हक्क नियम सांगतात. नव्या बांधकामाला घरगुती दर लागत नाही, चढा बिगरघरगुती दर लागतो. घर पूर्ण झालं की वर्ग बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.