घाट, गिअर आणि गणित

पावसाळा संपून थंडीची चाहूल लागली की होस्टेलमध्ये एक प्लॅन हमखास शिजतो : "चला, सायकलवर पाचगणी!" रात्री मेसच्या बाहेर पंधराजण तयार असतात. पुणे ते पाचगणी अंतर साधारण १०० किलोमीटर. ऐकायला फार वाटत नाही. पण वाटेत कात्रज, मग खंबाटकी, आणि पायांतला अर्धा जीव गेल्यावर वाईच्या पुढचा पसरणी घाट! खरी परीक्षा या शेवटच्या १२ किलोमीटरमध्येच असते. म्हणून आज आपण हा घाट आधी कागदावर चढू आणि मग त्यावरून प्रॅक्टिस कशी करायची ते ठरवू. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स पुरेल. केटी असली तरी चालेल!

१) किती काम करायचं आहे?

वाईची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, पाचगणीची सुमारे १२९०. म्हणजे चढ ५७० मीटर. माणूस ६२ किलो, सायकल १४ आणि सामान ४, असं एकूण वजन ८० किलो धरू. mgh ऐवजी आपण साध्या मराठीत वजन गुणिले उंची म्हणू : ८० × ९.८ × ५७० = जवळपास ४ लाख ४७ हजार ज्यूल.

आता गंमत बघा. तुम्ही जोरात जा नाहीतर हळू, गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं हे काम तेवढंच राहतं. बदलते ती पॉवर. तासाभरात चढलात तर सुमारे १२४ वॅट लागतात. ८० मिनिटं घेतलीत तर ९३ वॅट. (टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध वेगळे, ते २०-३० वॅट अजून खातात.) कागदावर तीस वॅट म्हणजे काहीच नाही. पण नव्वद किलोमीटर सायकल मारून आलेल्या नवख्या माणसासाठी हाच फरक म्हणजे गप्पा मारत चढणं आणि धापा टाकत रस्त्याकडेला बसणं. थोडक्यात, घाट ताकदीपेक्षा सबुरीने चढतो.

२) गुडघे का दुखतात?

साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात ती साधारण ५ मीटर पुढे जाते. ताशी ९ किलोमीटरने चढताना मिनिटाला फक्त ३० फेरे पडतात. पॉवर तीच आणि फेरे कमी, म्हणजे टॉर्क जास्त. तो सगळा लोड गुडघ्यावर येतो. गिअरच्या सायकलवर पुढे २८, मागे २८ लावलं की त्याच वेगाला ७० फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याचा जोर निम्म्याहून कमी होतो. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका. साधी सायकल असेल तर मागे जास्त दात्यांचं फ्रीव्हील बसवून घ्या, आणि अगदी खड्या चढाला खुशाल उतरून चाला. त्यात लाज कसली?

३) आठ आठवड्यांचं टाइमटेबल

आठवडा १ व २ : तीन दिवस सपाट रस्त्यावर ४५ मिनिटं, रविवारी २५ किलोमीटर.

आठवडा ३ : एक दिवस कात्रजचा जुना घाट. वेग इतकाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. रविवारी ४० किलोमीटर.

आठवडा ४ : सगळं निम्मं. सबमिशन उरकून घ्या! शरीर विश्रांतीतच सुधारतं.

आठवडा ५ ते ७ : रविवारी ५०, ६५, मग ८० किलोमीटर, आणि चढ मुद्दाम शेवटी ठेवायचा. फ्रेश पायांनी घाट चढणं ही पसरणीची प्रॅक्टिसच नव्हे.

आठवडा ८ : दोनदा हलकी चक्कर. बाकी झोप.

खाणंसुद्धा प्रॅक्टिसमध्येच बसवा. भूक लागायची वाट बघू नका. दर तासाला एखादं-दुसरं केळं किंवा चिक्की, आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. त्यात चिमूटभर मीठ आणि साखर.

४) ग्रुपचं काय?

सपाट रस्त्यावर पुढच्याच्या मागे राहिलं की हवा कमी लागते, त्यामुळे दमणाऱ्याला तिथे मागे ठेवून त्याचे पाय वाचवा. हायवेवर मात्र एका ओळीतच. घाटात वेग इतका कमी असतो की या आडोशाचा फायदा जवळजवळ शून्य. तिथे प्रत्येकाने आपापल्या दमाने चढावं. ग्रुप तुटणारच! थांबायच्या जागा आधीच ठरवा. पंप, पाना आणि पंक्चरचं सामान घेऊन एक अनुभवी मेंबर सगळ्यात शेवटी ठेवा.

आणि एक गोष्ट सगळेच विसरतात. पुढचे वीस मिनिटं आराम करतात, शेवटचा पोचतो आणि लगेच आरोळी येते, "चला रे, निघू!" म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. तो किंवा ती पुढच्या चढाला अजून मागे पडते. म्हणून नियम एकच ठेवा : शेवटचा आल्यावर दहा मिनिटं, घड्याळ लावून.

५) उतरताना

चढताना साठवलेले साडेचार लाख ज्यूल परतीच्या उतारावर कुठेतरी जाणारच. त्यातले बरेचसे उष्णता होऊन ब्रेकमधून जातात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं. ब्रेकचे रबर नवे घाला, दोन्ही ब्रेक वापरा, वळणाच्या आधीच वेग कमी करा. हेल्मेट सगळ्यांना कंपल्सरी, आपल्यासोबत येणाऱ्या सरांनासुद्धा!

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तो किताब शर्यतवाल्यांना लखलाभ. आपल्या राईडचा रिझल्ट लागतो तो शेवटची सायकल पाचगणीत पोचल्यावर. पंधरा निघाले, पंधरा पोचले, की सगळे फर्स्ट क्लास!

चला तर मग, टायरमध्ये हवा भरा. आठ आठवडे मोजायला उद्यापासूनच सुरुवात!