राग उताराकडे वाहतो



सकाळी नळाला पाणी येत नाही. विरार लोकलच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. दाखल्यासाठी तासभर रांगेत उभे राहावे आणि आपला नंबर आला की खिडकी बंद व्हावी, हाही अनुभव आपल्याला नवा नाही. यांपैकी एकही संकट मोठे नाही. पण आपल्या श्रद्धेची परीक्षा बहुधा अशाच बारीकसारीक कटकटींत होते.

चिडचिड जिथे निर्माण होते तिथे आपण ती सहसा बोलून दाखवीत नाही. साहेबांपुढे आपण गप्प बसतो आणि घरी येऊन पत्नीवर ओरडतो. मग आई मुलावर खेकसते, मोठा मुलगा धाकट्यावर. पाण्याप्रमाणे रागही उताराकडे वाहतो आणि ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्या दारात साचतो.

बाळ येशूची संत तेरेजा (१८७३–१८९७) फ्रान्समधील लिस्यूच्या कार्मेल मठात राहत होती. कपडे धुताना समोरची धर्मभगिनी नकळत तिच्या तोंडावर घाण पाणी उडवीत असे. मागे सरून तोंड पुसावे, म्हणजे तिला समजेल, असे तेरेजाला वाटले. पण तिने ते टाळले. दुसऱ्या एका भगिनीचे सारेच वागणे तिला खटकत असे. तिच्यासाठी तेरेजा प्रार्थना करी आणि भेटली की हसून बोले. शेवटी त्या भगिनीनेच आनंदाने विचारले, की माझ्यात तुला एवढे काय आवडते? आलेली चीड तेरेजाने पुढे वाहू दिली नाही, एवढेच. पण त्या एवढ्याशा गोष्टीने दुसऱ्याचे मन फुलले. याच तेरेजाला संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली ख्रिस्तसभेची धर्मपंडित म्हणून घोषित केले.

मग अन्यायही मुकाट्याने सोसायचा का? नाही. महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभू येशूने उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. मारण्याचे कारण त्याने सरळ विचारले (योहान १८:२३). पाण्याची तक्रार आपणही जरूर करावी. पण ती योग्य ठिकाणी, शिवीगाळ न करता. दुःखाच्या भरात विवेक ढळू न देणे, याला संत थॉमस अक्वायनस सहनशीलता म्हणतात. तो दुबळेपणा नव्हे.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या.

१. घरी परतल्यावर उंबरठ्यावर क्षणभर थांबून क्रुसाची खूण करावी. दिवसभराची चीड प्रभूच्या हाती सोपवूनच आत पाऊल टाकावे.

२. कंडक्टर, कारकून, घरकाम करणारी बाई यांपैकी एकाचे तरी रोज मनापासून आभार मानावेत.

३. संत पौलाच्या उपदेशाप्रमाणे (इफिस ४:२६) सूर्य मावळण्यापूर्वी राग मिटवावा. चूक मोठ्यांची असेल, तर लहानांची क्षमा मागण्यात कमीपणा मानू नये.

पुढच्या रविवारी मिस्सेत आपण एकमेकांना शांती देऊ, तेव्हा बाकावर शेजारी आपल्याच घरची माणसे असतील. ती शांती त्यांना आठवडाभर आपल्याकडून मिळालेली असावी, यासाठी प्रभू आपल्याला कृपा देवो.

– आपले धर्मगुरू